अकरा थाऊ, पंधरा थाऊ

१

गुरुवारी सकाळी शरणबसप्पांच्या गॅरेजात टेबलावर एक वाकलेली दांडी पडली होती आणि तिच्याभोवती सहा माणसं उभी होती. सहांतला एकही दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत नव्हता.

दांडी वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड. इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडायला खालून रेटा देते ती ही दांडी, पुशरॉड. ती मीच विकली होती, त्यामुळं मला तिथं उभं राहणं भाग होतं. मी पंचाक्षरी. उमरग्यात हायवेला, या गॅरेजला भिंत लावून माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. माझी जीभ तिखट आहे असं बायको म्हणते. गिऱ्हाइकं याहून वाईट म्हणतात.

गाडी होती डॉक्टर शिवकन्याबाईंच्या फिरत्या दवाखान्याची व्हॅन. या दांड्यांना खालून उचलणारा तिचा कॅमशाफ्ट झिजला होता. गॅरेजचा जुना फिटर मल्लिनाथ, त्यानं चार दिवस खपून नवा बसवला. मंगळवारी संध्याकाळी काम संपलं. बुधवारी नऊला ड्रायव्हर सोमलिंग गाडी घेऊन निघाला आणि माकणीच्या अलीकडं, धरणाच्या रस्त्यावर, इंजिनातून धाडकन आवाज आला. गाडी जागेवर बसली. आत रक्तदाब तपासायची यंत्रं, औषधाची खोकी आणि एक म्हातारी पेशंट होती. नशिबानं कुणाला काही झालं नाही. ट्रॅक्टरनं ओढून व्हॅन परत आणली.

शरणबसप्पांनी, म्हणजे आमच्या उस्तादांनी, दांडी उचलून बघितली. वय सत्तर, कपाळाला विभूती, हात अजून लोखंडासारखे. बाहेर चहाच्या हॉटेलात सात-आठ ट्रकवाले बसलेले. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उस्ताद बोलले.

"मल्लिनाथ, तुझा हात गेला. हत्यारं खाली ठेव."

मल्लिनाथ एकतीस वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. मिशा इथंच फुटल्या, इथंच पिकल्या. तो "व्हय उस्ताद" एवढंच म्हणाला आणि खिशातला पाना काढून टेबलावर ठेवला. मला भयंकर राग आला. फिटरला 'हात गेला' म्हणणं म्हणजे गवयाला गळा गेला म्हणण्यासारखं आहे. हायवेला ही गोष्ट दुपारपर्यंत हैदराबादला पोचते. मग त्या माणसाला कुणी पंक्चर काढायलाही ठेवत नाही.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाडी माझी आहे, पेशंट माझे आहेत. कुणाचा हात गेला ते मला नीट कळायला पाहिजे. मल्लिनाथमामांनी दुरुस्त केलेल्या गाडीत मी पुन्हा बसायचं की नाही, ते मी ठरवीन. आणि ते कळेपर्यंत त्या इंजिनाला कुणी बोट लावायचं नाही."

असं म्हणून त्यांनी आयटीआयच्या राजेश्वरीमॅडमना फोन लावला.

२

राजेश्वरीमॅडम आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतात. पंचेचाळिशीच्या, स्कूटीवर येतात, खांद्याला कापडी पिशवी. या पिशवीत भाजी असेल असं वाटतं, पण निघतो मायक्रोमीटर, केसाचीही जाडी मोजणारा. आल्या आल्या मी चहा सांगितला.

"आधी इंजिन," त्या म्हणाल्या.

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, निघालं. इंजिनाला आठ व्हॉल्व्ह आणि दांडीचा रेटा व्हॉल्व्हवर पोचवणारे आठ रॉकर. एकाची दांडी वाकून बाहेर आलेली. उरलेले सात मॅडमनी एकेक करून बोटानं हलवले. सातही खुळखुळ हलले. मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"जरा फिलर गेज द्या."

गॅप मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडग्याला फिलर गेज म्हणतात. श्रीनाथनं, म्हणजे कॉम्प्युटरवर गाड्या तपासायला ठेवलेल्या नव्या मेकॅनिकनं, बसवेश्वरांच्या फोटोखालच्या खिळ्याकडं हात नेला. तिथं उस्तादांचं गेज टांगलेलं असतं.

"त्याला हात न्हाई लावायचा," उस्ताद खेकसले. "माझ्या गुरूचं हाय ते."

खरंच, त्या गेजला आम्ही कुणी कधी शिवलेलो नाही. खंडेनवमीला त्याला हळदीकुंकू वाहतात. मॅडमनी पिशवीतून स्वतःचं गेज काढलं, मोजायला लागल्या आणि मला आकडे लिहायला सांगितलं. अकरा, पंधरा, अकरा, पंधरा. हवा आत घेणाऱ्या चारही व्हॉल्व्हना अकरा थाऊ. धूर बाहेर टाकणाऱ्या तिघांना पंधरा थाऊ. चौथ्याची दांडी टेबलावर. थाऊ म्हणजे किती, तर केसाचा तिसरा हिस्सा धरा.

"यात वाईट काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जुन्या ट्रकाच्या इंजिनात रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये अशी गॅप ठेवावीच लागते. लोखंड तापलं की वाढतं, त्याला जागा पाहिजे. बाहेरचा व्हॉल्व्ह जास्त तापतो म्हणून त्याला जास्त. पण तुमच्या गाडीचे टॅपेट, म्हणजे दांडीखालचे खुंट, तेलाचे आहेत. त्यांच्या पोटात स्प्रिंग आणि तेल असतं, जागा ते स्वतः भरून काढतात. तिथं गॅप ठेवायची नसते. उलट थोडा दाब द्यायचा असतो. गॅप राहिली की रॉकर हातोड्यासारखा दांडीवर बसतो. शेवटी दांडी उडते."

"म्हंजे मल्लिनाथनं गॅप ठेवली," उस्ताद म्हणाले. नंतर मला आठवलं, हे बोलताना ते क्षणभर अडखळले होते.

मॅडम मल्लिनाथकडं वळल्या. "मामा, तुम्ही कसं लावलं?"

मल्लिनाथनं शर्टाच्या खिशातून वही काढली. वहीत त्याचं गोल गोल अक्षर. नवा कॅम आला तेव्हा त्यानं आधी दोन्ही कॅम मोजले होते. नव्याचा गोल भाग जुन्यापेक्षा बारीक होता, म्हणून कमी-जास्त होणारी दांडी घालून लांबी काढली आणि माझ्याकडं जास्त लांबीच्या दांड्या मागितल्या.

"व्हॉल्व्ह पुरा मिटला का बघायचं, मॅडम. मग दांडी दोन बोटांत फिरवत स्क्रू आवळायचा. फिरायला जड आली की थांबायचं. तितनं पाऊण फेरा. आठीला पाऊण. मग स्क्रू हलू नये म्हनून चेकनट आवळायचा."

वहीत आठ वेळा 'पाऊण' लिहिलं होतं. आणि तारीख, मंगळवारची.

मॅडमनी विजेरी धरून रॉकरवर वाकून बघितलं. मल्लिनाथची एक खोड आहे. नट आवळला की नटावरून रॉकरवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो. पुन्हा कुणी नट फिरवला तर रेघ तुटते. सगळ्या रेघा होत्या. आणि सगळ्या तुटलेल्या होत्या.

"मामा खरं सांगत असतील तर," मॅडम म्हणाल्या, "मंगळवारी संध्याकाळनंतर कुणीतरी हे कव्हर उघडलंय."

३

गॅरेजात एकदम सगळ्यांना तोंड फुटलं. श्रीनाथ म्हणाला, धक्क्यानं नट सैल झाले असतील. सोमलिंग म्हणाला, पंचाक्षरीशेठच्या दांड्याच आखूड असतील. मी सोमलिंगला काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"धक्क्यानं सैल झाले असते तर एक पाच, एक तीस, एक घट्ट, असं निघालं असतं," मॅडम म्हणाल्या. "दांड्या आखूड असत्या तर आठही ठिकाणी सारखीच गॅप आली असती. इथं आतल्याला अकरा, बाहेरच्याला पंधरा, कुठं चूक नाही. हे कुणीतरी बसून, मोजून, मन लावून केलंय."

"खोडी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खोडी करणारा मोजत बसत नाही. त्यानं एक नट सैल केला असता आणि पळाला असता. हा माणूस गाडीचं भलं करत होता."

मग त्यांनी एकेकाला विचारलं, मंगळवार संध्याकाळ ते बुधवारी नऊ, इंजिनाला कुणी हात लावला?

"कुणीबी न्हाई," उस्ताद म्हणाले. "शटरची किल्ली माझ्या कमरेला असती."

सोमलिंग येरमाळ्याला बहिणीकडं होता. येडेश्वरीचं दर्शन घेऊन पहाटेची एसटी धरली आणि नऊच्या ठोक्याला इथं उतरला. कंडक्टर त्याच्या ओळखीचा. "गाडी घेतली तवा आवाज आला का?" मॅडमनी विचारलं.

"आला की. टकटक टकटक. पर मला बरं वाटलं. म्या जल्मभर ट्रक चालवलाय, मॅडम. टॅपेट वाजतोय तवर व्हॉल्व्ह जळत न्हाई, आसं आमी मानतो."

मॅडमनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. मला त्यात लिहिण्यासारखं काही दिसलं नाही.

श्रीनाथ बुधवारी साडेनऊला आला, हे हॉटेलवाल्यानंही सांगितलं. उशिरा येण्याबद्दल तो गावात प्रसिद्धच आहे. राहिलो मी.

"मी सातला दुकान उघडतो," मी सांगितलं. "उस्ताद आधीच आलेले होते. उदबत्ती लावली, गाडीवर शेवटचा हात फिरवला, गाडी दारात काढून ठेवली. रोजचंच. बाकी चिटपाखरू फिरकलं नाही. इंजिनाला कुणीच हात लावला नाही, मी शपथेवर सांगतो."

मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. मला वाटलं माझ्या कपाळाला काही लागलंय.

"शेठ, तुम्हाला गेज वापरता येतं?"

"वीस वर्षं विकतोय."

"ते विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "चला, आता बोलणं पुरे. सगळ्यांनी हात दाखवा."

४

कोपऱ्यात एका जुन्या ट्रकचं मेलेलं इंजिन स्टँडवर उभं आहे. मॅडमनी त्याचे दोन टॅपेट सैल केले, एक आतला, एक बाहेरचा. प्रत्येकानं आपापल्या सवयीनं, आपल्या हत्यारानं गॅप लावायची. नंतर त्या मोजणार.

श्रीनाथ पहिला. "मॅडम, किती ठेवायची? मोबाइलवर बघू का?"

"तुमच्या मनानं."

त्याचं आलं नऊ आणि वीस. कान लाल झाले बिचाऱ्याचे. सोमलिंगनं गेज घेतलंच नाही. रॉकर हलवून कानानं लावला, दोन्हीकडं दहा. मग मी बसलो. स्क्रू उलटा फिरवला, दांडी खाली पडली, ट्रकवाले दारात येऊन हसायला लागले. मी पाना ठेवून दिला.

शेवटी मल्लिनाथ. त्यानं आधी विचारलं, "हितं टॅपेट सुका हाय न्हवं?" मॅडमनी मान हलवली. मग त्यानं दसऱ्याला माझ्याकडून घेतलेलं कोरं गेज काढलं. पातं आत सरकवलं, पुढं-मागं केलं, नट आवळला. दोन मिनिटांत उठला. जाता जाता सवयीनं पिवळ्या रंगाची डबी शोधायला लागला.

मॅडमनी मोजलं. बारा आणि सोळा. पुन्हा सैल करून पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बारा आणि सोळा, तंतोतंत.

 श्रीनाथ गेला, सोमलिंग गेला, मी गेलो. आतल्याला कमी, बाहेरच्याला जास्त, चार थाऊंचा फरक ठेवणारा हात एकच निघाला, मल्लिनाथचा. एखाद्या थाऊचा फरक कोण विचारतो?

"झालं?" खुर्चीवरून उस्तादांनी विचारलं. "साकु. आता पुरे करा."

"अजून एक हात राहिलाय," मॅडम म्हणाल्या.

कुणाला कळेना, कुणाचा. कळलं फक्त मल्लिनाथला. त्याची नजर सरळ बसवेश्वरांच्या फोटोखाली गेली, तिथून उस्तादांच्या हातांवर आणि मग जमिनीवर. चेहरा पांढराफटक पडला. तो दोन पावलं पुढं आला आणि मोठ्यानं, दारातल्या ट्रकवाल्यांनाही ऐकू जाईल असं बोलला.

"मॅडम, बास करा. म्याच केलंय. बुधवारी येऊन म्याच गॅप ठिवली. इसरलो. माझा हात गेलाय."

५

"खोटं," राजेश्वरीमॅडम म्हणाल्या.

त्या मल्लिनाथकडं वळल्या.

"मामा, तुमच्या हातानं सोळा येतं. दोनदा आलं, शंभरदा येईल. तुमच्या या कोऱ्या गेजनं तुम्ही पंधरा लावूच शकत नाही. आणि तुम्ही नट फिरवून पिवळी रेघ न ओढता उठत नाही, आत्ताच बघितलं सगळ्यांनी. अकरा आणि पंधरा जगात कुणी ठरवून लावत नाही. सगळे बारा आणि सोळाच लावतात. मग अकरा-पंधरा येतं कुठून?" त्या उस्तादांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "उस्ताद, तुमचं गेज मला हातात पाहिजे. मागतेय, हिसकावत नाही."

 उस्ताद स्वतः उठले, खिळ्यावरून गेज काढलं, कपाळाला लावलं आणि त्यांच्या हातात दिलं.

पात्यावर खोदलेला आकडा होता बारा. मायक्रोमीटरनं दाखवलं अकरा. दुसऱ्यावर खोदलेला आकडा सोळा. मायक्रोमीटरनं दाखवलं पंधरा. बाकीची पाती काळसर, ही दोनच पाती आरशासारखी.

"किती वर्षं वापरताय?"

"चाळीस आणि वर दोन," उस्ताद म्हणाले.

"चाळीस वर्षांत हजारो इंजिनं. एकेक थाऊ झिजलं पातं. तुमच्या हातानं बारा आणि सोळाच लावलं होतं, उस्ताद."

मग त्या माझ्याकडं वळल्या. "शेठनी शपथेवर सांगितलं, कुणी हात लावला नाही. आणि त्याच दमात सांगितलं, उस्तादांनी शेवटचा हात फिरवला."

मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. या गॅरेजचा रिवाज आहे, उस्तादांचा शेवटचा हात फिरल्याशिवाय गाडी दार ओलांडत नाही. ते पहाटे येतात, कव्हर उघडतात, टॅपेट तपासतात, मिटवतात. इतकी वर्षं बघून बघून ते आम्हाला उदबत्ती लावण्यासारखं झालं होतं. त्याला हात लावणं म्हणतात हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आणि आजवर इथं आलेली इंजिनं सगळी सुक्या टॅपेटची. त्या हातानं कधी कुणाचं वाईट झालं नव्हतं.

उस्ताद खुर्चीवर बसले. बसले कसले, कोसळलेच.

"हौदु," ते म्हणाले. होय. "म्याच उघडलं. आठीच्या आठी जाम. एकालाबी गॅप न्हाई. मला वाटलं, मल्ल्याचं वय झालं, डोकं फिरलं त्याचं. नव्या पोरानं करावी आशी चूक. त्याला सांगितलं आसतं तर मान खाली गेली आसती त्याची. म्हनून गप बसून आठी नीट लावल्या आन् कव्हर मिटलं. कुनाला बोललो न्हाई." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आन् दुपारी गाडी मोडून आली. म्हनलं, याचा हात खरंच गेला. एक चूक म्या झाकली, आजून किती केल्या आसतील. म्हनून बोललो. मॅडमनी तेलाच्या टॅपेटचं सांगितलं तवा उमगलं, पर कबूल करायला जीभ रेटली न्हाई."

म्हणजे त्यांनी मल्लिनाथची अब्रू झाकायला गप्प राहून त्याचं बरोबर काम मोडलं होतं, आणि त्याच कामासाठी चारचौघांत त्याची अब्रू घेतली होती. मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही, श्रीनाथही डोळे पुसत होता.

मल्लिनाथ पुढं झाला. "उस्ताद, जाऊ द्या. मला कायबी न्हाई वाटलं."

"तुला वाटलं," उस्ताद म्हणाले. "वाटायलाच पायजे." आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पंचाक्षरी, सकाळी ज्यांच्या म्होरं म्या ह्याला बोललो, त्या सगळ्यास्नी आत बोलव. हॉटेलातल्यास्नी, टायरवाल्याला, समद्यास्नी."

मी धावलो. पंधरा-वीस माणसं गॅरेजात जमली. उस्ताद उभे राहिले.

"हात माझा चुकला," ते म्हणाले. "मल्लिनाथचा न्हाई. ह्या नमुन्याचं इंजिन मला येत न्हाई, त्याला येतं. हे हायवेला जाऊन सांगा. सकाळी म्या जे सांगितलं त्याच्यापेक्षा मोठ्यानं सांगा."

 ट्रकवाल्यांतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. डॉक्टरीणबाई मल्लिनाथला म्हणाल्या, "मामा, गाडी कधी देता?"

"एक दांडी, एक टॅपेट बदलायचा. समद्या परत लावायच्या. दुपारपतूर."

"तुम्हीच लावणार असाल तर मी इथंच बसते."

मी दुकानातून नवी दांडी आणली. मल्लिनाथनं पाना उचलला, बाही वर केली. तेवढ्यात उस्तादांनी कोपऱ्यातला बुटका पाट ओढला. नव्यानं शिकायला आलेल्याला तिथं बसवतात. ते गुडघे धरून त्या पाटावर बसले.

"तू न्हाई. मला दाव. म्या लावतो, तू बघ."

मल्लिनाथ घुटमळला.  

"व्हॉल्व्ह मिटला का बघा," शेवटी मल्लिनाथ म्हणाला. "आता दांडी बोटात धरा. फिरवत ऱ्हावा. डाव्या हातानं स्क्रू. सावकाश... जड झाली?"

"झाली."

"थांबा. हितनं पाऊण फेरा."

उस्तादांनी स्क्रू फिरवला. चाळीस वर्षांचा हात, जोरात गेला. मल्लिनाथ वाकला, स्क्रूची खाच बघितली, पुन्हा बघितली. कपाळावर घाम आला होता त्याच्या. वीस माणसं ऐकत होती.

"हे फेराभर झालं, उस्ताद," तो म्हणाला. "पाऊण म्हणलो तर पाऊणच पायजे. सोडा आन् परत करा."

उस्तादांनी मान हलवली, स्क्रू सैल केला आणि दांडी पुन्हा बोटांत धरली.